कपाटात हलक्या होणाऱ्या वड्या

प्रति,
मा. निरीक्षक,
वजन व मापे कार्यालय.

विषय: जप्त केलेल्या साबणाच्या तीनशे वड्या त्वरित परत मिळण्याबाबत.
संदर्भ: आपली नोटीस, जिला मी उत्तर दिले नाही.

महोदय,

उत्तर लिहिले नाही असे नाही. लिहून खोडत राहिलो. एखादा शब्द उद्धट वाटे, एखादा लाचार. मी निवृत्त ग्रंथपाल. साबण माझी सून घरी करते. काल ती म्हणाली, "बाबा, अर्ज लिहिताय की ग्रंथ?" म्हणून हे धाडस.

१. वडी ओतताना शंभर ग्रॅमची असते. मग ती सहा आठवडे फळीवर वाळते, टणक होते, अंगाला झोंबत नाही, आणि सत्त्याऐंशी भरते. साच्यात 'शंभर' हा आकडा मी हौसेने कोरला. सूनबाईने विचारले होते, "वाळल्यावर भरेल का हो?" मी म्हणालो, "कोरलंय ना!" छापील अक्षरावर माझा फार विश्वास.

२. तेले, कॉस्टिक सोडा, सुगंध, वेष्टण धरून वडीला बावन्न रुपये लागतात. दुकानदार साठ देतो. वाळून शंभर भरेल इतका माल ओतला, तर खर्चच साठाला टेकतो. भाव वाढवून मागितला, तर दुकानदार म्हणाला, "काका, कारखान्याची वडी विसाला मिळते. गिऱ्हाईक अंघोळ करणार की कर्ज काढणार?"

३. आमचे सारे भांडवल त्या वड्यांत आहे. पुढच्या घाण्याला तेल नाही. वड्या सुटल्या नाहीत, तर सूनबाई साचे विकून त्याच कारखान्यात वेष्टणे चिकटवायला जाणार आहे.

४. महोदय, आपल्या कपाटातही वड्या वाळतच आहेत. जप्तीच्या दिवशी तूट तेरा ग्रॅमची होती, आज पंधराची असेल. ही वाढीव तूट माझ्या घरी घडलेली नाही, हे भीत भीत निदर्शनास आणतो. सुगंधही तिथेच उडत आहे. आपल्या फायलींना तो लागला असल्यास त्याचे मोल मागत नाही.

तरी दंड सुनेला न करता माझ्या निवृत्तिवेतनातून हप्त्याने घ्यावा. आकडा खरवडून, वेष्टणावर 'पंच्याऐंशी' लिहून वड्या विकू द्याव्यात. खरवडण्यात एखादा ग्रॅम जाईल; चौऱ्याऐंशी लिहू. पण लवकर द्याव्यात, नाहीतर तेही खोटे ठरेल.

आपला नम्र,
साबणवालीचा सासरा
(सही)
दिनांक: तीनदा बदलून, आजचा

सोबत: घरच्या वापरातली एक कोरी वडी, आकडा खरवडून.

ता.क. टपालाच्या खिडकीशी उभा राहून ही ओळ लिहीत आहे. 'भीत भीत' खोडावे असे मनात होते. सूनबाई पाकीट उघडे धरून उभी आहे. खिडकीतल्या बाई ते तोलायला थांबल्या आहेत. "बाबा, द्या आता." देतो.