ओढलेली खुर्ची

लुईस बेट, स्कॉटलंड,
रविवार, १३ सप्टेंबर १९८७

प्रिय ईवर,

सप्रेम सलाम. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. राशेलचा खोकला गेला, मुलं नव्या शाळेत रुळली, हे वाचून बरं वाटलं. इकडे वारा आहे. बटाटे बरे आलेत. काळ्या तोंडाची मेंढी कुंपणाखालून निसटायची ती निसटतेच आहे. शेजारची पेगी तिला परत आणून सोडते आणि दर वेळी चहा पिऊन जाते.

वरचा वार वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. हो, आज रविवार आहे. शब्बाथाच्या, म्हणजे देवाने नेमलेल्या विश्रांतीच्या, दिवशी पत्र लिहायचं नसतं हे मला माहीत आहे. तू आज चर्चचा पाळक आहेस, पण तुझ्याआधी हे सगळं मी पाठ केलं होतं, आणि तुझं पाठांतरही मीच करून घेतलं होतं.

तू लिहितोस की पुढच्या महिन्यात चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या उपासनांना नेहमीसारखीच आपल्याकडे बाहेरगावची मंडळी उतरतील, या वेळी चौदा जण, गुरुवार ते सोमवार. आई असती तर तिला भरलेलं घर आवडलं असतं, असंही लिहितोस. आणि मग खाली, जाता जाता: ‘ताई, तू उपासनेला येत नाहीस असं कानावर आलं. विश्रांती वेगळी आणि आळस वेगळा.’

कानावर कोणी घातलं ते मला ठाऊक आहे. आपल्या चर्चच्या पंचांपैकी एक, टोरमॉड, दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी आले होते. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले.

“केनिना, तब्येत बरी नाही का?”

“बरी आहे. झोपले होते.”

“रविवारी?”

“मग कधी झोपू? बाकीचे सहा दिवस देवाने कामाला दिलेत ना.”

ते चहा न घेता गेले. टोरमॉड चहा न घेता जातात म्हणजे गोष्ट इन्व्हरनेसला तुझ्यापर्यंत पोचणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

आपल्या गावात रविवारी दोरीवर एक फडकंही दिसत नाही. बटाटे शनिवारी सोलायचे, चुलीत जाळायची पीट, ती वाळवलेल्या दलदलीच्या मातीची ढेकळं, शनिवारी आत आणायची, सूप शनिवारी शिजवायचं, खरकटी भांडी सोमवारपर्यंत तशीच ठेवायची. बाहेरून कोणी आलं की म्हणतं, किती शांत गाव. पण प्रभुभोजनाला घरात तीन पंगती उठतात आणि ताटं एका पंगतीपुरती. तेव्हा भांडी घासणं हे गरजेचं काम ठरतं, गरजेच्या कामाला शब्बाथातही सूट आहे, आणि ती सूट दर वर्षी माझ्या वाट्याला येते. रात्री पाहुणे माझ्या पलंगावर, मी चुलीजवळच्या बाकावर.

रविवारी दुपारी तू विश्रांतीवर बोलतोस म्हणे. फार सुरेख बोलतोस, असं पाहुणे जेवताना सांगतात. मी कधी ऐकलं नाही. त्या वेळी मी मटण गरम करत असते.

परवा बायबलातली शब्बाथाची आज्ञा पुन्हा काढून वाचली. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दारी आलेला परका, सगळ्यांना सुट्टी लिहिली आहे. बहीण कुठे नाही. नीट बोट ठेवून शोधलं. शेवटी मी गाढवाच्या नावावर सुट्टी घेतली, ईवर. आयुष्यभर गाढवमेहनत केली, तेवढा तर माझा हक्क निघतो.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. आईची नजर गेल्यावर ती स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत निजून असायची आणि आतून विचारायची, “बसलीस का गं?” मी खुर्ची खरकन ओढायची, “बसले गं” म्हणायची आणि उभ्यानेच ताटं पुसत राहायची. तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. गेल्या ऑक्टोबरात, दुसरी पंगत उठल्यावर, तू कप घेऊन तिच्या दाराशी उभा होतास. ती म्हणाली, “केनिना, खुर्ची ओढल्याचा आवाज येतो, बसल्याचा येत नाही.”

तुला आठवत नसेल. तू हसलास. “आई, तिला बसवतच नाही, स्वभाव आहे तिचा,” म्हणालास, आणि रिकामा कप माझ्या हातात देऊन गेलास.

मार्चमध्ये आई गेली. कबरीपाशी तू म्हणालास, आता ती विसावली. मी घरी येऊन जमलेल्यांना जेवायला वाढलं.

मला तुझा राग येतो. फार येतो. देवाचा येत नाही. जग घडवून सातव्या दिवशी तो थांबला तेव्हा त्याने कोणाची परवानगी घेतली नव्हती, आणि माझ्या पाठीवर त्याने काही ठेवलंही नव्हतं. ते तुम्ही ठेवलंत, स्तोत्रं म्हणत.

उपासना चुकवली त्या पहिल्या रविवारी चर्चची घंटा झाली तरी मी उठले नाही. पडल्या पडल्या वाट पाहिली, की आता काहीतरी होईल. काही झालं नाही. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि भूक लागली होती. अजूनही बसले की पाय आपोआप उठू पाहतात. सवय मोडायला वेळ लागेल.

तर ऑक्टोबरात हे घर उघडणार नाही. पाहुण्यांना टोरमॉडकडे उतरव, मात्र त्यांच्या बायकोला विचारून. तुला यायचं तर एकटा ये, आणि बटाटे सोलून आण. शनिवारीच सोल. रविवारी दुपारी मी उपासनेला येईन, मागच्या बाकावर बसेन आणि विश्रांतीवरचं तुझं बोलणं एकदाचं ऐकेन. डोळा लागला तर उठवू नकोस.

हे पत्र आईच्या खोलीत लिहिते आहे. खुर्ची ओढली आणि बसले. दोन्ही आवाज झाले, फक्त आता विचारणारी नाही.

आज्ञेत नाव नसलेली,
तुझी बहीण
केनिना