माझ्यावाचून काही अडलं नाही

३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर ‘सगळं मजेत’ म्हणून सुटता येतं, कागदावर हात धजत नाही. म्हणून हे पत्र. ज्यांना दिसत नाही त्यांना फोननं समोरची पाटी वाचून दाखवावी, या कामात आमची टीम दोन वर्षं बुडाली होती. सोमवारी परदेशातले एक साहेब पडद्यावर आले आणि काम बंद म्हणाले. त्यांना मी कधी पाहिलेलंही नव्हतं. कारण विचारलं, तर कंपनीची दिशा बदलली म्हणे. नोकरी कुणाची गेली नाही. मला जाहिरातींच्या टीममध्ये टाकलंय. पगार तोच, जेवण फुकट, खुर्ची इतकी मऊ की उठवत नाही. तरी सकाळी ऑफिसच्या दारात पाय जड होतो.

माझी मैत्रीण बेकरीवरच्या खोलीत चौघांची कंपनी काढतेय, हेच काम करणारी. मला ये म्हणते. काय करू?

तुझी माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी खारू


१२ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, कारण तुझं अक्षर अजून कोंबडी नाचल्यासारखंच आहे.

मी जन्मभर एकाच दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर, कंपाउंडर आणि मी. पेशंटची नावं तर सोडच, त्यांच्या सुनांच्या तक्रारीही मला पाठ. डॉक्टर मला बहीण मानायचे, आणि म्हणूनच रजा मागायला जीभ रेटायची नाही. तुझे आजोबा गेले तेव्हा मी दुसऱ्याच कुणाला सलाइन लावत होते. डॉक्टरांना दोष देत नाही. माझ्या जागी उभं करायला त्यांच्याकडे होतं कोण? लहान जागेत ऊब असते, पण ती कधी अंगावरही येते. हे ध्यानात ठेव आणि मग तुला हवं ते कर.

वेळेवर जेवत जा, एवढं माझ्यासाठी.
तुझी आत्या

ता. क. पायरीवरून घसरले. खुब्याचं ऑपरेशन सांगितलंय. शेजारीण आहे, तू धावत येऊ नकोस.


१० मे

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझ्या त्या पत्राचं उत्तर म्हणून मीच आले, त्यामुळे लिहायचं राहिलं. एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. निघताना मॅनेजरबाईंना कसंबसं कळवलं, तर त्या म्हणाल्या, लॅपटॉप इथेच ठेवून जा. किती दिवस, हे विचारलंसुद्धा नाही. ऑपरेशनचं सगळं कंपनीच्या विम्यातून झालं. घरचं माणूस म्हणून मी तुझंच नाव दिलं होतं.

आज कामावर गेले. वाटलं, ढीग साचला असेल. काहीच नव्हतं. नव्या मुलीनं सगळं सांभाळलं, खरं तर माझ्याहून नीट. मनाला जरा लागलं. मग जिन्यात उभी राहिले आणि हसू आलं. माझ्यावाचून इथे काही अडत नाही, म्हणून आमचं पाट्यांचं काम कंपनीला एका बैठकीत गुंडाळता आलं. आणि म्हणूनच मला तुझ्या उशाशी बसता आलं.

आता सोडून जाणं कृतघ्नपणाचं वाटतं. मैत्रिणीला ‘नाही’ म्हणून कळवतेय.

काठी घेऊनच चालावं, ही विनंती.
खारू


१८ मे

चि. खारूस,
अ. उ. आ.

कळवलं नसशील तर थांब. बाईंसाठी चार ओळी लिहिल्यात, सोबत आहेत, त्यांच्या हातात दे. त्यांचे आभार मानायचं काम माझं. तू त्यापायी खुर्ची अडवून बसू नकोस. दोन वर्षं त्या पाट्यांवरून तू माझं डोकं खाल्लंस. जाहिरातींबद्दल अजून एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मला काय ते कळलं.

रागावले नाही, हे वेगळं सांगत नाही.
आत्या


२ जुलै

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाईंनी तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. मग मी राजीनाम्याचं बोलले. म्हणाल्या, टीम बदलल्यापासून तू हसलेली दिसली नाहीस, मी वाटच पाहत होते. एवढ्या मोठ्या इमारतीत कुणाचं तरी लक्ष होतं, आत्या.

इथे बेकरीवरच्या खोलीत टेबल डुगडुगतं आणि दुपारी भाजल्या पावाच्या वासानं काम सुचत नाही. आल्या आल्या मी हट्ट धरला, की एकाचं काम दुसऱ्याला आलंच पाहिजे. चौघांत हे परवडायचं नाही, म्हणून मैत्रीण कुरकुरली. तरी रोज थोडं थोडं मला शिकवत गेली. काल तिच्या वडिलांना दवाखान्यात हलवलं. आज तिचं काम माझ्यासमोर आहे, अर्धं कळतंय, अर्धं नाही. मघाशी तिचा फोन आला, निघून येऊ का म्हणत होती. मी सांगितलं, वडिलांजवळ बस, इथलं आम्ही बघतो.

तुझ्या आशीर्वादात मला राहू दे.
खारू