आंबागडावरचा लाल टिपका

मु. आंबागड, ता. तुमसर

मान्यवर प्रतिक्षा मॅडम यांना,

आजी सत्यभामाचा जयभीम. (तुझी माय लिहून राहिली. नातीले मान्यवर कायले म्हणून ती थांबली होती. म्हटलं लिव्ह. जी पोरगी नागपुरात उपग्रहाच्या हापिसात खुर्चीवर बसून माझ्या मोहाच्या झाडावर टिपका ठेवते, तिले एकेरी बोलायची माझी काय बिशाद.) इकडे आम्ही सगळे खोकत आहो, म्हणजे जिवंत आहो. तुझी तब्येत कशी? आणि तुमच्या त्या उपग्रहाचे डोळे कसे? एकदा तपासून घे, मोतीबिंदू वाटते.

झाला मानपान, आता ऐक. मागच्या आठवड्यात जंगलाचा नाकेदार जागेश्वर मोबाइल पुढं धरून दारात आला. त्यात आपल्या जंगलाचा नकाशा, अन् नकाशावर लाल टिपका. म्हणते, आकाशातून आग दिसली, ती तुमच्याच मोहाखाली. मी सांगितलं, फूल वेचाले सोपं जावं म्हणून खालचा पाला जाळणाऱ्या बाया आहेत, मी नाही म्हणत नाही. पण मी खराट्यानं झाडते. तापल्या जमिनीवरचं करपलं फूल माझी सून तरी हातात घेईल का? (ती गालात हसून राहिली, पण लिहिते सगळं.) ज्याले लहानपणी याच झाडाखालून मी कान धरून हाकललं, तो मले म्हणते, "आजी, उपग्रह खोटं बोलत नाही." म्हटलं, "तो बोलते कुठं? बोलून तर तू राहिला."

निकाल असा, की चौकशी होईपर्यंत मोहाखाली एकाही बाईनं जायचं नाही. चौकशी होईल पावसाळ्यात, अन् फूल पडते आता. रोज पहाटे पडते, रानडुकरं जेवून जातात. त्याईची चौकशी नाही.

आग कोणाची, ते सगळ्या गावाले माहीत आहे. जंगलाकडचा रस्ता दोन वर्षांपासून खोदून पडला. ठेकेदाराच्या माणसांनी कडेची झुडपं तोडली, ढीग केला, अन् भर दुपारी पेटवला. माझ्या झाडापासून हाकेवर. हे तुले फोनवर सांगितलं, तर तू मलेच शिकवलं, की एक टिपका म्हणजे तीस-पस्तीस एकरांचा चौकोन असते, त्यात आग नेमकी कुठं ते कळत नाही. वा. मग हे जागेश्वरले कोण शिकवेल? त्या चौकोनात माझा मोह आहे, ठेकेदाराचा ढीग आहे, जागेश्वरच्या सासऱ्याचं शेतही आहे. टिपका मात्र मलेच चिकटला.

बरं, धूर दिसते तर धूळ काहून दिसत नाही? दिवसभर टिप्पर धावतात. पाणी शिंपडायचा टँकर ठेकेदाराच्या पुतण्याच्या लग्नात पाणी पुरवून राहिला. बंदीच्या आधी वेचलेली फुलं अंगणात वाळत घातली, ती विटांच्या चुऱ्यासारखी झाली. तू म्हणतेस, वाळवंटातली धूळ समुद्रापार जाते ती आम्हाले दिसते, आंबागडची बारकी, ती चित्रात येत नाही. म्हणजे अरबाची धूळ तुले दिसते, आजीच्या नाकातली नाही. हेच शिकाले तुले नागपूरले धाडलं होतं.

आम्ही बाया फॉरेस्टच्या मोठ्या साहेबाकडं गेलो. म्हटलं, एकदा येऊन आपल्या डोळ्यानं पाहा, ढिगाची राख अजून तिथंच आहे. बाहेरच्या बाबूनंच परत पाठवलं. म्हणते, जुन्या टिपक्याची चौकशी पावसाळ्यात, नवा टिपका पडला तरच साहेब जागेवर जातात.

राग मानू नको, मी मानला तेवढा दोघींले पुरते. वेळेवर जेवत जा.

तुझी,
टिपक्याखालची आजी

ता. क. तुझ्या मायले वाटलं पत्र संपलं. आता खरं काम सांगते. तुमचा उपग्रह आंबागडावरून दिवसा किती वाजता जाते ते कळव. रस्त्याच्या कडेले, जंगलापासून दूर, धान कापलेल्या रिकाम्या बांधीत आम्ही तणस रचून ठेवलं आहे. तो वर आला का पेटवू. टिपका पडेल, साहेब येतील, टिप्परच्या धुळीत उभे राहतील, राखही पाहतील, अन् माझा मोह सुटेल. जाळ कोणाचा म्हणून विचारलं, तर तूच सांग त्याईले, चौकोनात नेमकं कळत नाही.

पुन्हा ता. क. तुझी माय म्हणते हे लिहू नका, पोरीची नोकरी जाईल. पण तणसाचा पहिला भारा तिनंच टाकला. लवकर कळव, ती काडीपेटी घेऊन निघाली होती, मी तिले दोनदा अडवलं आहे.