भिंतीपलीकडची टकटक

३ मार्च, सकाळी १०
मुलगा सॉफ्टवेअरमध्ये. घरूनच काम करतो. त्याची खोली माझ्या भिंतीला लागून. पूर्वी दिवसभर कीबोर्डची टकटक यायची, जिवाला बरं वाटायचं. आता सकाळी दोन मिनिटं, दुपारी पाच. बाकी चिडीचूप. कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होतो, कामगारांच्या आत-बाहेरच्या वेळा लिहायचो. मशीन गप्प झालं की माणूस घरी बसतो. ठरवलं, लक्ष ठेवायचं, बोलायचं नाही.

११ वाजता
बोललो. म्हणाला, बाबा, आता कोड मशीन लिहितं, मी तपासतो. विचारलं, मग तुझी गरज काय? म्हणाला, ऑफिसातही हेच विचारतायत. हसला.

७ मार्च
सूनबाई सहज बोलून गेली. कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो, हात लावला नाही की पिवळा होतो, साहेबाला दिसतो. आणि हा वीस वीस मिनिटं खिडकीशी उभा. विचार करतो म्हणे. आमच्याकडे विचार जेवणाच्या सुट्टीत करायचे.
त्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पक्कं.

९ मार्च, दुपारी १.३०
तो जेवायला बसला. ठिपका पिवळा. एक बटण दाबलं. हिरवा. बाप कशासाठी असतो?

१४ मार्च
रोज तीन फेऱ्या. सूनबाईने हटकलं, काय शोधताय? म्हटलं, चष्मा. म्हणाली, नाकावर आहे.

१८ मार्च, दुपारी ४
आज मशीनने इंग्रजीत काहीतरी विचारलं. खाली मोठं निळं बटण. निळं म्हणजे चांगलंच असणार. दाबलं. तासाभरात भिंतीपलीकडे टकटक सुरू, थांबायचं नाव नाही. पोरगा जुन्यासारखा कामाला लागला. उपाय लागू पडला.

१९ मार्च
आज मुलाकडून कळलं, मशीनने विचारलं होतं, आठवड्याचं काम पुसू का. मुलाने विचारलं, बाबा, तुम्ही? म्हटलं, मी कशाला. तो ओरडला नाही. ओरडायला हवं होतं. मग फोनवर साहेबाला म्हणाला, चूक माझीच. भिंतीतून सगळं ऐकू येतं.
उद्या सांगून टाकणार.

२३ मार्च
उद्या नक्की.

२४ मार्च, सकाळी ९.३०
नोकरी वाचली. आजपासून ऑफिसात जाऊन बसणार. सूनबाईला म्हटलं, बघ, साहेबाने बोलावून घेतलं, किंमत वाढली. ती भांडी पुसत म्हणाली, नाही बाबा, ऑफिसात बसणं ह्यांनीच मागून घेतलं.
टेबल रिकामं. तरी भिंतीला कान लावून पाहिला.
जुन्या सवयीने नोंद केली. बाहेर: ९.०५. आत: कोरं ठेवलं आहे. तो परत आला की वेळ लिहीन, आणि निळं बटण मी दाबलं हेही त्या वेळेपुढेच.