टेबलाचा उतार

दिग्रस, गुरुवार, ९ मार्च १९६१

राग अजून उतरलेला नाही. गुडघा दुमडत नाही, म्हणून जमिनीवर बसून भांड्यांवर नावे कोरणे संपले. आता धंदा टिकला तर या टेबलावरच. स्टुलावर बसून वाटी कोरायची तर टेबल खाली, उभ्याने हंडा कोरायचा तर वर. पायात पाय सरकतो, इंचाइंचावर भोक, भोकात बोल्ट. नकाशा माझा. नामदेव सुताराने आज ते आणून लावले. वर लोटा आडवा ठेवला, तर घरंगळत दाराकडे.

"पुढचे पाय एक सूत आखूड केले तू," मी म्हणालो. चार गिऱ्हाइकांसमोर. त्यापुढे जे बोललो ते इथे लिहीत नाही.

नामदेव चिडला नाही, हेच डोक्यात जाते. त्याने टेबल उलटे फिरवले, पुढचे पाय मागे नेले आणि लोटा पुन्हा ठेवला. पुन्हा दाराकडेच.

"टेबल फिरलं मास्तर, उतार नाही फिरला. फरशी कोनं बसवली?"

मीच. गवंड्याला हाकलून, स्वतः पाणसळ लावून, सपाटी पाहून. लोक हसले.

"पाचर ठोकून देऊ काय?" त्याने विचारले. मी नको म्हणालो. काहून म्हणालो?

संध्याकाळपासून तीन पाचरी तासल्या, तिन्ही वाकड्या. लोटा घरंगळतोच आहे. उद्या नामदेवकडे जाऊन चूक कबूल करावी लागेल. त्याच्या दुकानात कोणी नसताना जावे? नाही. बोललो चारचौघांत, तर कबूलही चारचौघांतच करायचे. याचाच राग येतो आहे.