मामांनी पाठवलेलं रोप

पोपायान, ४ मार्च १७८९

ती. बालतासारमामांस शि. सा. न.

मी खुशाल आहे. आमच्या चित्रशाळेत बोलायला बंदी, म्हणून पत्रात बडबडतो. फूल कोमेजायच्या आत रंगवायचं. अर्धं पान रंगात, अर्धं नुसत्या रेषेत. राजाच्या वनस्पती-शोधमोहिमेचे प्रमुख डॉक्टर म्हणाले, तुझ्या मामाच्या डोंगरावर तापावरच्या सालीची झाडं आहेत ना, एक फुललेली फांदी मागव. चित्र स्पेनला राजाकडे जाईल. पाठवाल ना?

तुमचाच
फेर्मिन


लोखा, १९ एप्रिल

चि. फेर्मिन यास भरघोस आशीर्वाद.

तुझे डॉक्टर फार गोड बोलतात. खेचरं हाकायचो तेव्हापासून गोड बोलणाऱ्याकडे पाठ करून मी उभा राहत नाही. शेजारच्या आंसेल्मोकडेही असाच एक सभ्य माणूस आला, फुलांचं कौतुक केलं, चित्र काढून गेला. वर्षाच्या आत डोंगरावर राजाचे शिपाई! आता आंसेल्मोला स्वतःच्याच झाडाची साल सोलायची चोरी. आपली झाडं गेली तर खायचं काय, तुझी चित्रं? मामी म्हणते, पोरावर तरी संशय नको. पोरावर नाही गं, म्हटलं, पोराच्या धन्यावर.

तेव्हा फांदी नाही. डोंगरावरचं एक तण धाडतोय, मुळांसकट, ओल्या शेवाळात. चुलीपाशी पाळलेले गिनीपिगही त्याला तोंड लावत नाहीत. काढा म्हणावं चित्र!

लोभ आहेच, जरा अक्कलही असू दे.
मामा


पोपायान, २ जून

ती. मामांस शि. सा. न.

मामा, काय करून बसलात! तण बघून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. असं झाड कुठल्याच पुस्तकात नाही म्हणाले. त्याला राणीचं नाव दिलं. सालीची फांदी साफ विसरले. पण आता हे उगवतं कुठे ते बघायला शिपाई घेऊन सप्टेंबरात स्वतः निघणार. मी तोंड उघडलं नाही, पण पेटीवर तुमचं नाव-गाव होतं. वाटाड्या म्हणून त्यांना तुम्हीच हवे आहात.

रागावू नका.
फेर्मिन


लोखा, १५ जुलै

चि. फेर्मिन यास आशीर्वाद.

वाटाड्या व्हायला मी तयार आहे म्हणून सांग. त्यांना नदीपलीकडच्या दलदलीत नेईन. तिथे सालीचं एकही झाड नाही. मामी, आंसेल्मो आणि मी ते तण इथून उपटून तिकडे लावतोय. जन्मभर उपटून जे मेलं नाही, ते मेलं तिकडे माना टाकतंय! मामी खत घालते, सावली धरते, नवसही बोलली. आणि आपल्या डोंगरावर, उपटलेल्या जागी, पुन्हा कोंब.

तुझे डॉक्टर निघायच्या आत त्यांनाच गोडीत विचार, आणि ताबडतोब कळव: या राणीसाहेबांना पाणी किती लागतं?

तुझा
मामा