सुटकेस माझीच आहे हे पटल्यावरही ती फोडल्याबाबत

प्रति,
मा. यात्रा अधिकारी,
हरवले-सापडले कक्ष, देवळेवाडी यात्रा,
जि. बीड

विषय : मालकी सिद्ध झाल्यावरही माझी सुटकेस चारचौघांत फोडल्याबाबत.
संदर्भ : महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीचा आपल्या कक्षाचा पंचनामा.

महोदय,

माझे परळी वैजनाथ येथे किराणा दुकान आहे. यात्रेत हरवलेली माझी नंबरच्या कुलपाची सुटकेस आपल्या कक्षात जमा झाली. ती घेण्यास गेले असता आपले कारकून त्रिंबक यांनी नंबर मोठ्याने सांगण्यास फर्मावले. तोच नंबर दुकानाच्या तिजोरीला असल्याने मी नकार दिला. त्यावर ते म्हणाले, “नंबर सांगितल्याबिगर सुटकेस तुमची हाय, हे आमाला कसं कळावं?”

मी मार्ग सुचवला. चिठ्ठीवर मनात येईल ते लिहून ती झाकणाच्या फटीतून आत टाका. मी सुटकेस पडद्याआड नेऊन उघडते आणि तीच आणून देते. नुसते हलवून चिठ्ठी निघत नाही, हे त्यांनी आधी स्वतः करून पाहिले. मग त्यांनी टाकली, मी आणली. पुन्हा वेगळी टाकली, तीही आणली. मला नंबर ठाऊक आहे हे त्यांना पटले. नंबर मात्र कळला नाही. गुपित न उघडता ते आपल्याजवळ आहे हे पटवून देण्याचे आता शास्त्रच निघाले आहे, असे पुण्यात गणित शिकवणारे माझे दीर संगमेश्वर सांगतात. पुढे बँकेत, दवाखान्यात त्याचा उपयोग होईल म्हणे. आपल्या कक्षात होणार नाही, हे मी त्यांना कळवले आहे.

कारण सगळे पटल्यावर त्रिंबक म्हणाले, “ते समदं खरं हाय ताई, पर आतलं सामान पंचनाम्यात लिवावंच लागतंय.” मी उघडेना, तेव्हा त्यांनी हातोडी मागवली. बाईमाणसाच्या सामानाला पंच घरचाच बरा, अशा सभ्यपणाने मन्मथप्पांना बोलावले. मन्मथप्पा म्हणजे, जिथे माझ्या मुलीची, शिवानीची सोयरीक ठरत होती त्या मुलाचे मामा. आत शिवानीच्या फेफऱ्याच्या गोळ्या होत्या. त्रिंबक यांनी डबीवरचे नाव वाचले, कळले नाही म्हणून औषधवाल्याला हाक मारून रोग विचारला, आणि तो मोठमोठ्याने म्हणत सुवाच्य अक्षरात लिहिला. मला किळस आली साहेब, अजूनही येते. शिवानी त्या मुलाला हे स्वतः सांगणार होती. ते कधी आणि कसे, हे तिने ठरवायचे होते. आता तिकडून नकाराचा निरोप आला आहे, आणि ती खोलीबाहेर येत नाही.

सुटकेस दुरुस्त करून देऊ, मिळाल्याची पोच द्यावी, असे आपण कळवले आहे. सुटकेस नको. मन्मथप्पांना जे कळले तेवढे परत आणून द्या. त्याची पोच मी देईन.

आपली,
(‘नम्र’ लिहिणे या वेळी जमले नाही)
नीलम्मा सोमेश्वर
परळी वैजनाथ
दि. ४ मार्च १९९६